नखाएवढी रेघ

दत्तप्रसाद खोडके मूळचा वर्ध्याकडचा. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तो पंचाहत्तर साली पुण्यात आला आणि भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटला. साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं चित्र ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, एवढंच काम. पण ते त्याने बावीस वर्षं असं केलं, की त्याच्या हातची रेघ लांबून ओळखू यायची. मग सत्त्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आले. सहा महिन्यांत ड्रॉइंगची चार तिरकी टेबलं भंगारात गेली आणि दत्तप्रसादला प्रिंट रूममध्ये बसवलं. मशीनमधून निघालेले कागद मोजायचे, घड्या घालायच्या आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. त्याला कुणी वाईट बोललं नाही, नोकरीवरूनही काढलं नाही. त्याच्याशी बोलायचं कुणाला काही कारणच उरलं नाही, इतकंच.

त्याच सुमाराला एका रविवारी जुन्या बाजारात त्याला चांदभाई भेटले. पत्र्यावर मांडलेल्या सामानातून दोघांनी एकाच वेळी एका सायकलच्या पंपाला हात घातला. दत्तप्रसादला तो सायकलसाठी हवा होता. चांदभाईंनी पंप उचलला, दांडा दोनदा वरखाली केला, कान लावून ऐकलं आणि त्याच्या हातात दिला.

"घेऊ नका," ते म्हणाले. "वायसर गेलाय. मी घेणार आहे, पण मला बदलता येतो."

चांद बागवान. घराणं मंडईतल्या फळवाल्यांचं, धाकट्या भावाचा गाळा अजून तिथे आहे. चांदभाई मात्र खडकीच्या एका कारखान्यात लागले आणि एकतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढून निवृत्त झाले. समोर आलेला तुकडा बोटांत फिरवायचा, उजेडात धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं. ही सवय अंगात इतकी मुरली होती, की घरी ताटातली पोळीसुद्धा ते एकदा उलटून बघायचे. बायको मदिनाबी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा असंच केलं असतं, माझ्या वडिलांची भीती वाटली म्हणून मी वाचले."

धाकटी मुलगी उम्मेहानी हिच्या लग्नात दोन-दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या चाळीस बाटल्या रिकाम्या झाल्या. अशा मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तेव्हा नवीनच आल्या होत्या. मांडववाला त्या फेकायला निघाला तर चांदभाईंनी अडवलं. एकाही बाटलीत खोट नव्हती, आणि खोट नसलेली वस्तू टाकून देणं त्यांना जमेना. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरून पंपाने हवा मारली आणि तोंड एकदम मोकळं केलं, की ती आकाशात जाते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी करून पाहिलं. बाटली शेजारच्यांच्या गच्चीवर गेली आणि चांदभाईंच्या निवृत्तीला काम मिळालं.

पण सरळसोट, टोकदार रॉकेटं त्यांना दोन महिन्यांत कंटाळवाणी वाटू लागली. "उडण्यासारखं दिसतं ते उडालं, यात आपलं काय कौतुक?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते न उडणाऱ्या वस्तूंची रॉकेटं करू लागले. घागर केली, तिपाई केली, देवळातल्या घंटेएवढी घंटा केली. दत्तप्रसाद त्यांच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा ते पुठ्ठ्याचा पाळणा बाटलीवर बसवत होते. वजन कुठे ठेवावं ते जमत नव्हतं. दत्तप्रसादने खिशातला कागद काढला, पाळणा समोरून, बाजूने आणि वरून असा काढून दाखवला आणि एका ठिकाणी बारीक फुली केली. "इथे." पाळणा त्या रविवारी ताडाएवढा वर गेला आणि मदिनाबींनी शिवलेल्या पॅराशूटला लटकत खाली आला.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. दत्तप्रसाद बोपोडीत राहायचा, चांदभाई खडकी बाजारात. सकाळी दत्तप्रसादच्या स्कूटरवर सगळं सामान बांधून दोघं औंध, वाकड करत हिंजवडीला जायचे. तिथे तेव्हा मोकळी माळरानं बक्कळ होती. काचेच्या इमारती एकेक करून उठत होत्या, पण मधली जागा अजून रिकामी होती. दत्तप्रसाद प्रत्येक रॉकेटचं ड्रॉइंग शाईने काढायचा, कोपऱ्यात तारीख आणि नंबर घालायचा. आठवडाभर प्रिंट रूममध्ये घड्या घालणारा हात रविवारी पुन्हा शहाणा व्हायचा.

चांदभाईंचा नियम एकच होता. करणाऱ्याने घरी तपासायचं, आणि मैदानावर दुसऱ्याने. "आपल्या कामातली खोट आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याने ठीक आहे म्हटल्याशिवाय हवा मारायची नाही." चार वर्षांत हा नियम दोघांनी एकदाही मोडला नाही.

शेजारच्या कंपनीतली माणसं रविवारी क्रिकेट खेळायला यायची. त्यांतली राजनंदिनी नावाची एक मुलगी चेंडू आणायला म्हणून आली आणि तिथेच उभी राहिली. तिनेच कंपनीत सांगितलं आणि दोन हजार दोनच्या जानेवारीत कंपनीच्या कौटुंबिक मेळाव्यात रॉकेटं उडवायचं आमंत्रण दोघांना आलं.

त्या दिवसासाठी चांदभाईंनी छत्री केली. काळी, साधी, कुणाच्याही घरी दाराआड असते तशी छत्री. ती मिटलेली वर जायची, शेंड्याला पोचली की तिच्या काड्या उघडायच्या आणि ती डुलत डुलत खाली यायची. दत्तप्रसादने स्वतःच्या डोक्याने एक पंचपाळं केलं होतं. मधल्या बाटलीभोवती पाच छोट्या बाटल्या. ड्रॉइंगलाच तीन आठवडे लागले होते. हे पहिलं रॉकेट, जे सगळंच्या सगळं त्याचं होतं.

मेळाव्याला तीनशे-चारशे माणसं होती. माइक होता, खुर्च्या होत्या. इस्त्रीचे शर्ट घातलेले तरुण साहेब होते. ज्यांनी आपली टेबलं भंगारात घातली ते असेच कुणीतरी असणार, असं दत्तप्रसादच्या मनात येऊन गेलं. पंचपाळं आधी उडवायचं ठरलं. बाटलीचं तोंड मोकळं करणारा चाप ओढला. ते झाडाएवढं वर गेलं, तिथे बिचकल्यासारखं वळलं आणि सरळ जेवणाच्या मांडवात घुसून ताकाच्या पिंपात पडलं.

लोक हसले. तेवढं त्याने सोसलं असतं. पण चांदभाईंच्या हातात माइक होता.

"नेम चांगला आहे आमच्या दत्तप्रसादचा," ते शांतपणे म्हणाले. "रॉकेटला तहान लागली होती." लोक आणखी हसले. "याचं ड्रॉइंग मात्र बघण्यासारखं होतं बरं का. मी त्याला म्हटलं होतं, फ्रेम करून लाव, उडवू नकोस."

यात वाईट हेतू नव्हता. चांदभाई घागरीबद्दल, पाळण्याबद्दल, स्वतःच्या टकलाबद्दल असंच बोलायचे. दत्तप्रसादलाही ते माहीत होतं. तरी त्या क्षणी त्याला प्रिंट रूम दिसली.

पुढची पाळी छत्रीची. चांदभाईंनी ती पोत्यातून काढून तपासायला त्याच्याकडे दिली आणि ते माइकवर लोकांना माहिती सांगू लागले. दत्तप्रसादने काळं कापड वर सारून बाटली बोटांनी चाचपली. खांद्यापाशी बोट अडलं. तिथे प्लॅस्टिकला घडी पडली होती आणि घडीवर पांढरी रेघ उमटली होती, नखाएवढी. आदल्या संध्याकाळी छत्री त्यानेही हातात धरून पाहिली होती, तेव्हा रेघ नव्हती. सकाळी स्कूटरच्या हुकाला पोतं त्यानेच करकचून बांधलं होतं आणि वाकडच्या पुढे दोन मोठे खड्डे लागले होते. पांढरी रेघ पडलेली बाटली बाद, हे त्याला चांदभाईंनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

तो तोंड उघडणार होता. तेवढ्यात चांदभाईंनी माइक बाजूला धरून विचारलं, "बघितलंस ना नीट? की ताक काढतोयस अजून कानातलं?"

पुढच्या रांगेतले हसले.

"हो," दत्तप्रसाद म्हणाला. "ठीक आहे."

त्याला वाटलं होतं, हवा गळेल. छत्री जागच्या जागी फुसफुसेल, लोक चांदभाईंनाही थोडं हसतील आणि बरोबरी होईल. पुढे कित्येक महिने तो स्वतःला हेच सांगत राहिला, की मला एवढंच वाटलं होतं. पण बावीस वर्षं यंत्रांचे भाग काढलेल्या माणसाला दाबाखालच्या घडीचं काय होतं हे कळत नाही, असं कसं म्हणणार? कळत होतं की नाही, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येईना.

लांब नळीने हवा मारायला सुरुवात झाली. दाबाचा काटा साठावर गेला आणि छत्रीचं कापड एका काडीत अडकलेलं दिसलं. हवा भरलेल्या रॉकेटजवळ चांदभाई कधी जात नसत. त्या दिवशी गेले. दुसऱ्याने ठीक आहे म्हटलं होतं म्हणून गेले. दत्तप्रसाद दहा पावलांवर उभा होता. थांबा म्हणायला त्याला पुष्कळ वेळ होता. चांदभाई गुडघ्यावर बसले, त्यांनी हात पुढे केला आणि बाटली फुटली.

आवाज मोठा झाला. मुलं रडायला लागली. चांदभाई बसल्या जागी मागे कलंडले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी आणि रक्त एकत्रच ओघळायला लागलं. छत्रीची काडी भुवईच्या वर लागली होती. डोळा अर्ध्या बोटाने वाचला. राजनंदिनीने आपली ओढणी दाबून धरली आणि कंपनीच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसाद भेटायला गेला. सांगायचं ठरवूनच गेला होता. मदिनाबींनी दार उघडलं, "या दत्ताभाऊ," म्हणाल्या आणि पाणी आणून दिलं. चांदभाई पट्टी बांधून खाटेवर बसले होते.

"फुटलेले तुकडे मागवून घेतले मी," ते म्हणाले. "खांद्यातून फाटलीय. आदल्या संध्याकाळी तिथेच हात फिरवला होता रे मी. दोनदा. मला काही लागलं नाही हाताला."

दत्तप्रसादने पाण्याचा घोट घेतला.

"तुला खोट नाही दिसली, ते मी समजू शकतो. तुझं ते काम नाही. पण माझं?" त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "एकतीस वर्षांत एक तुकडा परत आला नव्हता माझा. संपलं ते आता. नजर गेली, हातही गेला."

तुझं ते काम नाही. एवढं एक वाक्य त्यांनी त्याला लपायला दिलं, आणि तो त्याच्या मागे लपला. "आराम करा," म्हणाला आणि ग्लास खाली ठेवून उठला. 

महिन्याभरात चांदभाईंनी सगळ्या बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. रविवार बंद पडले. बायको नंदाने विचारलं, "भांडलात का दोघं?" तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "मग रविवारी घरात बसून भिंतीकडे का बघता?" मेळाव्यात बाटली फुटली, हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. रॉकेटांच्या ड्रॉइंगांची गुंडाळी कपाटावर होती. तिच्यावर धूळ साचत गेली आणि त्याने ती झटकली नाही. तिला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्याला वाटायचं. रस्त्यात कुणी "काय खोडके, रॉकेट काय म्हणतंय?" म्हणून हाक मारली, की तो घाई असल्यासारखा पुढे जायचा. चांदभाईंकडे तो महिन्यातून एकदा जाऊन बसायचा, कारण न जाणं जास्त अवघड होतं. ते हल्ली फारसे बोलायचे नाहीत. चिमटे काढणं तर बंदच झालं होतं.

सप्टेंबरात गणपतीच्या सामानासाठी नंदाने त्याला मंडईत पिटाळलं. तिथे चांदभाई एका भाजीवालीपुढे उभे दिसले. दत्तप्रसाद खांबाआड थांबला. या माणसाला भाजी घेताना त्याने शंभरदा पाहिलं होतं. एकेक वांगं देठाशी धरून, फिरवून, किडीचं भोक शोधून घ्यायचा. भाजीवाल्या लांबूनच म्हणायच्या, आले परीक्षक. आज त्यांनी नुसती पिशवी उघडून पुढे धरली होती. भाजीवाली हाताला येईल ते वांगं टाकत होती, मऊ, डागाळलेलं, कसलंही. चांदभाई दुसरीकडे बघत होते.

"बघून घ्या की चाचा," तिलाच राहवलं नाही.

"तूच बघ बाई. मला दिसत नाही आता," चांदभाई म्हणाले.

त्यांना चांगलं दिसत होतं. दवाखान्यात दोनदा तपासून झालं होतं. मदिनाबींनीच ते सांगितलं होतं. दत्तप्रसाद खांबाला टेकून उभा राहिला. आपण त्यांची भुवई फोडली एवढाच हिशेब त्याने आजवर मनात धरला होता. टाके भरून आले होते म्हणून दिवस ढकलत होता. आपण त्यांचं काय काढून घेतलंय, ते त्याला त्या वांग्यांच्या ढिगापुढे कळलं.

गणपतीचं सामान न घेताच तो बाहेर पडला आणि त्यांच्या आधी खडकीला त्यांच्या घरी जाऊन बसला. मदिनाबी चहा टाकायला आत गेल्या. चांदभाई आले, पिशवी ठेवली आणि समोर बसले. दत्तप्रसादने प्रस्तावना केली नाही. करायची म्हटली असती तर तो परत उठून गेला असता.

"चांदभाई, बाटलीवर रेघ होती. मी बघितली होती."

चांदभाईंनी मान वर केली. "कुठे?"

"खांद्यापाशी. घडी पडली होती. सकाळी पोतं मी आवळून बांधलं होतं, त्याने पडली असणार. आदल्या दिवशी नव्हती."

"केवढी?"

"नखाएवढी."

"पांढरी?"

"पांढरी."

"उजेडात न धरता दिसत होती?"

"दिसत होती. बोटालाही लागली."

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग बोलला का नाहीस?"

दत्तप्रसादने आठ महिने या प्रश्नाची उत्तरं जमवली होती. आता एकही कामाचं वाटेना. "तुम्ही सगळ्यांपुढे हसवलंत म्हणून," तो म्हणाला. बोलता बोलताच त्याला ते वाक्य इतकं क्षुद्र वाटलं, की त्याने मान खाली घातली ती वर करवेना.

"एवढंच?"

"एवढंच."

 मग चांदभाई उठले, खिडकीशी गेले. त्यांनी आपला उजवा हात उजेडात धरला आणि अंगठा बाकीच्या बोटांवरून एकेक करून फिरवला.

"म्हणजे संध्याकाळी नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "नव्हतीच." आणि मग त्याच्याकडे पाठ ठेवूनच, "आता जा तू."

मदिनाबी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप त्याच्यासमोर ठेवला. घरी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय पाठवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "घ्या खोडकेसाहेब," त्या म्हणाल्या. दत्ताभाऊ हे नाव त्या घरातून त्या दिवशी गेलं, ते परत आलं नाही. तो चहा त्याने उभ्याने, जीभ भाजत, पूर्ण प्यायला.

डिसेंबरात एका शनिवारी फोन आला. चांदभाईच होते. उद्या मैदानावर जातोय म्हणाले. नव्या बाटल्या जमवल्या आहेत.

"मी येऊ?" दत्तप्रसादने विचारलं.

"ये. स्कूटर तुझीच आहे. पण तपासायचं नाही. ते मदिना करेल."

तेव्हापासून तसंच चाललं. मदिनाबी रिक्षाने यायच्या, चष्मा लावून प्रत्येक बाटली फिरवून बघायच्या, मग चांदभाई हवा मारायचे. चांदभाई हळूहळू पुन्हा चिमटे काढू लागले. राजनंदिनी आणि तिच्या कंपनीतले आणखी चारपाच जण येऊ लागले. त्यांना ते झोडपून काढायचे. दत्तप्रसादला मात्र ते कधी काही टोचून बोलले नाहीत. त्याच्याशी ते नीट, सभ्यपणे बोलायचे, "जरा ते इकडे देतोस का?" असं. एक सणसणीत टोमणा ऐकायला दत्तप्रसाद आतून तरसायचा. तो त्याच्या वाट्याला आला नाही. त्याने आपल्याकडे एक काम घेतलं होतं. लांब पडलेली रॉकेटं शोधून आणायची. गवतातून तो एकटाच चालत जायचा आणि परत यायला जरा जास्तच वेळ लावायचा.

मूळ मैदानावर दोन हजार पाचमध्ये पत्र्याचं कुंपण आलं, म्हणून मंडळी आणखी पुढे, माण गावाच्या बाजूला सरकली. त्याच्या पुढच्या वर्षी, रमजानच्या आधी, नंदा एकदा हौसेने बघायला आली. पेरूच्या फोडी खाताना तिने सहज विचारलं, "भाईजान, ही भुवईवरची खूण कसली हो? किती दिवस विचारीन म्हणते."

दत्तप्रसादच्या हातातली फोड तशीच राहिली. मदिनाबी चष्मा पुसू लागल्या.

"बाटली फुटली होती," चांदभाई म्हणाले. "जुनी गोष्ट आहे." आणि ते पंपाकडे वळले.

परतताना वाकडच्या पुलावर दत्तप्रसादने स्कूटर कडेला घेतली. नंदाला वाटलं पेट्रोल संपलं. त्याने पुलाच्या कठड्याकडे तोंड करून तिला सगळं सांगितलं. रेघ, माइक, "ठीक आहे," मंडईतली वांगी. गाड्या मागून जात होत्या, म्हणून काही वाक्यं त्याला दोनदा, मोठ्याने सांगावी लागली. ती वाक्यं सगळ्यात वाईट होती.

नंदाने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "चार वर्षं मी त्यांच्याकडे ईदला शिरखुर्मा खायला जातेय," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी बोलवत होते."

"हो."

"मग आता मी कुठल्या तोंडाने जाऊ, ते सांगा."

त्याने स्कूटरला किक मारली. ती मागे बसली.

त्या ईदला दोघंही गेली. चांदभाईंनी दारात गळाभेट घेतली, दोघांना आत बसवलं, उम्मेहानीच्या नव्या घराबद्दल सांगितलं. नंदा सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दरवर्षीपेक्षा बराच जास्त वेळ मदिनाबींजवळ बसली. बाहेर आली तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. आत काय बोलणं झालं, ते दत्तप्रसादने कधी विचारलं नाही आणि नंदानेही सांगितलं नाही.